दामू गोजरचा गोल राब

त्या वैशाखात दामू गोजरच्या घरात फक्त भांडी बोलत होती. अनिता बोलत नव्हती. कप आपटल्याचा आवाज आला की चहा झाला. टोपावरचं झाकण वाजलं की जेवायला बसायचं. आणि रिकामी कळशी गडगडत पायाशी येऊन थांबली, की दामूने ओळखायचं, आपण या घरचे धनी आहोत आणि घरात पाणी नाही.

कारण एकच होतं. गावात सगळ्यांचे राब घालून झाले होते, दामूचा राहिला होता.

राब म्हणजे भाताच्या रोपांचं अंथरूण. पावसाआधी ज्या तुकड्यात रोप टाकायचं, त्यावर आधी शेण पसरायचं. शेणावर ऐनाच्या वाळक्या फांद्या, म्हणजे कवळ. कवळावर पातेरा, म्हणजे झडलेला सुका पाला, पातेऱ्यावर गवत आणि वरून बारीक मातीचं पांघरूण. मग उलट्या वाऱ्याला काडी लावायची. राब भडकत नाही, धुमसतो. मनातला राग धुमसावा तसा आतल्या आत भाजत जातो. तणाचं बी मरतं, जमिनीला राख मिळते आणि त्या राखेतून रोप पोपटाच्या पिसासारखं हिरवं निघतं. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात राब न घालता भात लावणं म्हणजे पीठ न मळता भाकरी थापणं.

दामूला हे सगळं पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं तरी त्याने सांगितलं असतं, आणि विचारायचं तर झोपेतून उठवावंच लागलं असतं.

डोळखांबला भाचीच्या लग्नाला निघताना अनिताने मौन सोडलं. उंबऱ्यात पिशवी ठेवून ती म्हणाली, "लगीन उरकून येते मी. येईन तवा राब घातलेला पायजे. नायतर मी तिकडनंच पुढं जाईन."

पुढं म्हणजे कुठं, ते तिने सांगितलं नाही. त्यामुळे दामू फार घाबरला. घाबरून माणूस दमतो आणि दमलेला माणूस आंब्याखाली टेकतो. तिकडे डोळखांबला हळद लागली, वरात निघाली, नवरी सासरी गेली, आणि इकडे दामू शेताकडे फिरकलासुद्धा नाही. अनिता परत यायच्या दिवशी तर त्याने भीतीपोटी दुपारचीही झोप काढली.

ती आली ती शेतावरूनच. दामूने डोळे मिटून घेतले. पण कळशी गडगडली नाही. कानाशी मऊ आवाज आला.

"अवो, कधी घातलात ओ? आनि गोल? असा राब मी जल्मात बघितला नाय."

दामूच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने विचारलं असतं, कसला राब. दामूने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. लग्नातली हळद तिच्या कानामागे अजून होती आणि ती हसत होती. असं हसू त्या घरात मागल्या भातकापणीनंतर फिरकलं नव्हतं.

"तुला आवडला ना," तो म्हणाला. "झालं तर मग."

त्या दिवशी ताटात सुकट पडली, भाकरीवर तेलाचा हात फिरला. दामू चार घास जास्त जेवला आणि अंधार पडायच्या आत शेताकडे पळाला.

खरंच राब घातलेला होता. आणि तो शंखासारखा होता. बांधाशी सुरू होऊन वळत वळत, बारीक होत, मधोमध एका टिंबात संपत होता. शेणाचा काठ नीट लिंपलेला, कवळाचं टोक ना टोक एका दिशेला निजलेलं. पातेरा असा पसरला होता की वाऱ्यानेच येऊन निगुतीने ठेवावा. दामू बघत राहिला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो मधल्या टिंबात जाऊन पडण्याचा.

तेवढ्यात शेजारच्या फार्महाऊसवरून विनोद धावत आला. विनोद तिथला राखणदार. फार्महाऊस मुंबईच्या मालकाचं, आणि मालकाने ते महिनाभर रेश्मा कारखानीस नावाच्या बाईंना राहायला दिलं होतं. बाई चित्रकार होत्या, पण चित्र काढत नव्हत्या. मातीत, पाल्यात, काटक्यांत त्या काहीबाही रचत, आणि आता यालाच कला म्हणतात, असं विनोदने सांगितलं. हा गोल त्यांचाच. येत्या रविवारी तो बघायला मुंबईहून माणसं येणार होती.

"अरे पन शेत माजं हाय," दामू म्हणाला.

"तीच तर बोंब हाय, दामूदादा. बाईनं बांध चुकवला. मी दोन दिस घरी गेलो होतो, तेवढ्यात पोरंपोरी आणून रचून मोकळी. आता मालकाला समजलं तर मला म्हनतील, तू काय झोपला होतास?"

हे दुःख दामूला आतपर्यंत समजलं. रविवारपर्यंत कोणी काही बोलायचं नाही आणि राबाला कोणी हात लावायचा नाही, असं दोघांचं ठरलं. घरी परतताना दामूच्या लक्षात आलं, की विनोदची नोकरी आणि आपली सुकट, दोन्ही आता एकाच शंखात अडकली आहेत.

दुसऱ्या दिवशी अनिता शेजारच्या ठकूला घेऊन शेतावर गेली. ठकूने आणखी दोघींना नेलं. बायका बांधावर बसून बघत राहिल्या, आणि अनिताने तिथेच ओवी धरली:

*राबाचा केला शंख, शंखाला गो वळनं सात,*
*माज्या घरच्या धन्याचा, कसा सोन्याचा गो हात.*

ओवी संध्याकाळपर्यंत पाड्यापाड्यांत पोचली. रात्रीपर्यंत तिचा त्रास पुरुषांना सुरू झाला. ठकूचा नवरा सावळ्या सकाळीच दारात येऊन उभा राहिला. त्याचा राब सरळ, चौकोनी, वाडवडिलांनी घालावा तसा होता. तो मोडून गोल घालायचा हुकूम सुटला होता.

"दामू," तो दातओठ खात म्हणाला, "तुजा राब माज्या घरात पेटलाय रे."

दामू सोन्याचे हात मागे लपवून उभा राहिला. सावळ्याने गोल राब घातला, पण बाहेरून आत घालत गेला, आणि शेवटी स्वतः मधोमध उरला. चारी बाजूंनी कवळ. बाहेर पडायचं तर राब तुडवावा लागणार, आणि बांधावर ठकू उभी. उन्हं डोक्यावर येईपर्यंत तो तिथेच देवासारखा उभा होता. मग घरोघरी गोल राबाचा हुकूम सुटला, आणि गावातल्या पुरुषांनी दामूला तंबाखू देणं बंद केलं.

घरी वेगळाच पेच होता. अनिता रोज सकाळी काडीपेटी पदरात बांधायची आणि म्हणायची, चला, पेटवू. दामू रोज कारण काढायचा. एकदा वारा सिद्धगडाच्या बाजूचा होता. एकदा तिथी वाईट होती. एकदा त्याची पाठ भरली. आणि पाठ भरली म्हणून झोपावं, तर झोप येईना. खोट्याची गादी टोचते. मग तो उठून विहिरीवर जाई, पाणी भरून आणी. तरी मन लागेना म्हणून गोठा झाडी. गोठा झाडून झाला की कुंपण बांधी. अनिता दारातून बघे आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणे, माज्या धन्याला बसवत नाय गो. त्या कौतुकाने दामूला आणखी अपराधी वाटे, आणि तो लाकडं फोडायला घेई.

शेवटी कारणं संपली. तेव्हा त्याने सांगितलं, राबात टिटवीने अंडी घातली आहेत, पेटवलं तर पाप लागेल.

"अगो बाई," अनिता हळहळली. "दाखवा मला."

दामूला पळत पुढे जावं लागलं. अनिता शेतावर पोचली तेव्हा शंखाच्या तिसऱ्या वळणात दोन अंडी पातेऱ्यावर ठेवलेली होती. पांढरी, मोठी, अजून कोमट. अनिता त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पदर पुढे करून तिने ती उचलली.

"ठेवली तर कोल्हा खाईल बिचाऱ्यांना," ती म्हणाली.

रात्री दामूच्या ताटात अंड्याची पोळी आली, वर कांदा-मिरची पेरलेली.

"मऊ हाय ना?" अनिताने विचारलं. "टिटवीचीच असतात अशी."

दामूने प्रत्येक घास डोळे मिटून गिळला. त्याला सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं की हसू जाणार, ओवी जाणार, घरात पुन्हा भांडी बोलू लागणार. त्याने आणखी एक पोळी मागून घेतली.

रविवार उजाडला. उन्हं कलताना फार्महाऊससमोर गाड्या लागल्या. सुती कपड्यांतली, मोठ्या चष्म्यांची माणसं बांधावरून तोल सावरत आली आणि राबाभोवती अगदी हळू फिरू लागली. एका बाईंनी शेणाचा वास डोळे मिटून आत ओढला. रेश्मा त्यांना वळणं दाखवत होती. विनोद पाण्याच्या बाटल्या वाटता वाटता देवाचं नाव घेत होता.

आणि पायवाटेवरून अनिता आली. लग्नात मिळालेलं नवं लुगडं, हातात वाळल्या गवताची चुडी, मागे ठकू आणि बायका. सगळ्यांच्या मागे पाण्याचा हंडा घेऊन दामू. राब भाजताना पाणी जवळ लागतं म्हणून तिने त्याला हंडा आणायला सांगितलं होतं. कुठे चाललोय ते त्याला बांधावर आल्यावर कळलं.

अनिता सरळ रेश्माच्या समोर गेली. तिने चुडी पुढे केली, काडी ओढली. दामूला दिसलं, की आता सगळं एकदमच जळणार: बाईची मेहनत, विनोदची नोकरी आणि आपण. त्याने हंडा खाली ठेवला आणि हात पसरून राबाच्या आडवा उभा राहिला.

"थांब गो. पेटवू नको. हा राब माजा नाय."

काडी अनिताच्या बोटांत जळत राहिली. दामूने एकदा तोंड उघडलं ते बंद होईना. आपण काडीसुद्धा उचलली नाही, आंब्याखाली झोपलो होतो, हे सगळं या बाईंचं आहे, सावळ्याला उगाच उन्हात उभं राहावं लागलं, असं सगळं त्याने सांगून टाकलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "आनि ती अंडी पन टिटवीची नव्हती."

"माज्या तांबड्या कोंबडीची होती," अनिता म्हणाली.

मोठ्या चष्म्याच्या एका पाहुण्याने शेजाऱ्याला हळूच विचारलं, हेही यातच आहे का?

"दादा," रेश्मा संकोचून म्हणाली, "जागा मला ताईंनीच दिली."

अनिता डोळखांबला निघायच्या आदल्या दिवशी रेश्मा बांधावर येऊन विचारत होती, राब म्हणजे काय. अनिताने तिला सांगितलं, ऐकून कळत नाही, घालून बघ, माझ्याच शेतात घाल. गोठ्यातलं शेण दाखवलं, बांधून ठेवलेलं कवळ दाखवलं, कशावर काय पसरायचं ते शिकवलं. भाजायला मात्र मी आल्याशिवाय हात लावायचा नाही, असं बजावलं आणि एस.टी. धरली. रेश्माने फक्त एक विचारलं होतं, चौकोनी नको, गोल चालेल का?

"मी म्हटलं, घाल," अनिता म्हणाली. "राखंला कुठं कोपरे असतात?"

विनोद मटकन बांधावर बसला. दामू अजून हात पसरूनच उभा होता.

"मग माजं एवढं कौतुक कशाला करीत होतीस?"

"शिव्या खाऊन तुमी झोपता," ती म्हणाली. "गोड खाऊन जागे राहिलात. सरा आता, वारा पडेल."

दामू सरला. अनिताने चुडी पेटवून रेश्माच्या हातात दिली आणि तिचा हात धरून उलट्या वाऱ्याला टेकवली. जाळ झालाच नाही. एक निळसर रेघ बांधाशी उठली आणि वळणावळणाने आत शिरू लागली, जशी एखादी म्हातारी अंधारात घर ओळखत चालते. उतारावर सावळ्याच्या शेतात ठकूने काडी लावली, पलीकडे आणखी कोणी लावली. तिन्हीसांजेला सगळ्या उतारावर गोल गोल धूर बसला होता. रेश्माने एक शंख रचला होता, तिच्यासमोर उतारभर शंख धुमसत होते. फोटोसाठी हातात धरलेला फोन विसरून ती उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर दामूने बांधावर रोवलेली लाकडी पाटी पाहिली. ती रेश्माने दुपारीच लावली होती. त्याने बोट फिरवत सावकाश वाचलं:

राब. शेण, कवळ, पातेरा, माती, विस्तव. रेश्मा कारखानीस आणि अनिता दामू गोजर.

त्याने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, आणि बोट एका जागी थांबलं. त्याने सावळ्याला हाक मारली. सावळ्या राखेने माखलेला, कपाळाला आठ्या घालून आला. दामूने बोट तिथेच ठेवून त्याला मधलं नाव वाचायला लावलं.

"तुजं नाव कशाला?" सावळ्या म्हणाला. "तू काय केलंस रे ह्यात?"

दामूने धुराकडे पाहिलं. धुरापलीकडे अनिता रेश्माला राखेवर माती कशी लोटायची ते दाखवत होती.

"मी लगीन केलं," तो म्हणाला.