‘ठेवायचे’ गाठोड्याची गोधडी

टपालखात्यातल्या चौतीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या खणात टाकलं नाही, हे टपालराव भेटेल त्याला ऐकवत. बायको होती तेव्हा ती नुसती डोळ्यांनीच "झालं सुरू!" म्हणायची. टपालराव हे नावही तिनंच ठेवलेलं. आता तिला जाऊन तीन महिने झाले होते, आणि टपालराव गोधडी शिवायला निघाले होते!

झालं असं, की परगावी असलेल्या लेकीला समुद्रापार नोकरी लागली. "बाबा, तिकडे थंडी फार," ती फोनवर म्हणाली. "आईच्या कपड्यांची गोधडी असती तर बरं झालं असतं."

"असती काय? असणार! छप्पन्न तुकड्यांची! मी शिवतो!" टपालराव गरजले. तोवर त्यांनी जन्मात शर्टाचं बटणही लावलेलं नव्हतं.

कापड निवडणं म्हणजे तर त्यांच्या हातचा मळ. बायकोच्या कपड्यांचं गाठोडं कोपऱ्यात होतंच. शेजारी मेहुणीचं गाठोडं. बायकोच्या या धाकट्या बहिणीनं आपले जुने कपडे आश्रमात देण्यासाठी आणून ठेवले होते. दोन्ही गाठोडी एकसारख्या चौकड्यांच्या चादरींत बांधलेली, कारण बहिणी चादरीसुद्धा जोडीनं घेत. टपालरावांनी वजनाचा अंदाज घेतला, एकावर ‘ठेवायचे’ अशी चिठ्ठी डकवली, दुसऱ्यावर ‘द्यायचे’. उघडून बघितलं? छे! बंद टपाल उघडायचं नसतं! ‘द्यायचे’ त्याच दुपारी आश्रमात पोचतं झालं.

मग ‘ठेवायचे’ गाठोड्याची गाठ सोडून त्यांनी रीतसर खण पाडले. सुती एकीकडे, सरकतं रेशमी दुसरीकडे, फुलाफुलांचं खिडकीशी, गडद दाराशी. दहा तुकड्यांत बोटांची चाळण झाली. विसाव्याला त्यांनी सुई भिंतीवर भिरकावली आणि अर्धा तास रांगत तीच शोधली! शेवटी मन लागावं म्हणून एक युक्ती काढली. रोज चहाआधी दोन तुकडे जोडायचे, आणि प्रत्येक तुकड्याची आठवण मोठ्यानं सांगायची.

"हा निळा! लेकीचा पहिला वाढदिवस!"

"ही पिवळी फुलं! आपण हे घर बघायला आलो तेव्हाची!"

सुईचं नेढं दिसेनासं व्हायचं, पण युक्ती लागू पडली. बायको गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी बोलत होतं.

लेक निरोप घ्यायला आली, तरी तिला गोधडी बघायची बंदी! निघायच्या सकाळी शेवटचा टाका पडला आणि टपालराव "झाली!" म्हणून ताडकन उठले. गोधडीही उठली. मांडीवर घेऊन शिवता शिवता त्यांनी पायजम्याचा गुडघा अस्तराला पक्का शिवून टाकला होता!

"हलू नका! उसवते मी!" लेक धावली.

"वेळ कुठाय? गाडी येईल! काप!"

तिनं गुडघ्याभोवती पायजमा गोल कापला. टपालराव सुटले, गुडघा गोधडीवरच राहिला.

"मागच्या बाजूला आहे, कुणाला दिसतंय!" ते ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात मेहुणी भाचीला निरोप द्यायला आली. गोधडी बघून दारातच थबकली.

"भावोजी, हा माझा गाऊन!"

"कुठला?"

"हा निळा! आणि ही पिवळी फुलं माझ्या बाळंतपणातली! अहो, हे सगळं माझंच आहे!"

"काहीतरीच! निळा तिनं वाढदिवसाला..."

"ताईनं जन्मात निळं घातलं नाही, भावोजी. आवडायचंच नाही तिला."

लेकीनं हळूच विचारलं, "मग आईचे कपडे?"

टपालरावांनी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. ते कपडे आश्रमात केव्हाच वाटून झाले असणार. ते खुर्चीत बसले. "बत्तीस वर्षं डोळ्यांसमोर वावरली ती," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मेहुणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

लेक गोधडीची घडी घालू लागली आणि मध्येच थांबली. पायजम्याच्या त्या गोल तुकड्याला आतून ठिगळ लावलेलं होतं. बापाचे टाके बोटबोटभर लांब, पण या ठिगळाचे टाके मोहरीएवढे, एकाला एक लागून.

"बाबा, हे ठिगळ कुणी लावलं?"

"तुझ्या आईनंच. मी थोडाच लावणार?" टपालराव बोलून गेले.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. लेकीनं तो तुकडा वर येईल अशी घडी घातली आणि गोधडी छातीशी धरली.

"याची आठवण सांगा ना. पटकन!"

छप्पन्न तुकड्यांना छप्पन्न आठवणी सांगणाऱ्या टपालरावांनी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं.

"ती काहीतरी सांगत होती," ते म्हणाले. "मी पेपर वाचत होतो."