बिनधुराची जीप

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता, एक कोल्हा होता आणि एक जुनी फोर-व्हील जीप होती. तिघांपैकी उपयोगाची फक्त जीप होती.

ती कुणा शिकाऱ्याने तिथेच सोडली होती. शिकाऱ्याचं पुढे काय झालं, ते सिंहमहाराजांना विचारायची पद्धत नव्हती.

घाटावर टिटवी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. आजारी जनावरांना तिथे पोचवायचं काम जीप करायची. चालवायची भागाअक्का अस्वलीण. जीप निघाली की असा निळा धूर आणि अशी धडधड, की सगळं जंगल वाटेच्या कडेला येऊन उभं राहायचं. "निघाली, निघाली!" म्हणत माकडं टाळ्या पिटायची.

एके दिवशी जीपमध्ये एक म्हातारं सांबर होतं. त्याला श्वास लागला होता. तिसऱ्या वळणावर जीप थांबली. भागाअक्काने फोर-व्हील टाकलं, खालचा गिअर टाकला. चारही चाकं तयार होती, पण इंजिनात दमच नव्हता. शेवटी अक्काने सांबराला पाठीवर घेतलं आणि उरलेला घाट चालत चढली. सांबर वाचलं, पण थोडक्यात.

उतरल्यावर अक्का थेट गेनू साळिंदराकडे गेली. गेनू जंगलातला एकटाच मिस्त्री.

गेनूने इंजिनाचं हेड उतरवलं, सिलिंडरमधून नख फिरवलं आणि मान हलवली.

"अक्का, इंजिन कामाला आलंय, उघडून दुरुस्त करावं लागणार. सिलिंडरचं भोक झिजून लांबट झालंय. पिस्टन आत डुलतोय. ऑइल जळतंय, त्याचाच हा धूर."

"मग?"

"बोअर करायचं. भोक थोडं मोठं करून पुन्हा गोल करायचं. मग त्या मापाचे मोठे पिस्टन, नव्या रिंगा."

कोल्हा प्रधान होता. तो म्हणाला, "भोक पडलंय म्हणून आणखी मोठं भोक पाडायचं? ही कुठली दुरुस्ती?"

सिंहमहाराजांना काहीच कळलं नव्हतं. ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी लगेच मंजुरी दिली.

काम एकवीस दिवस चाललं. हत्तीने इंजिनाचा ब्लॉक पाठीवरून पलीकडच्या जंगलात लेथवाल्याकडे नेला आणि बोअर करून आणला. गेनूने प्रत्येक रिंग बसवून तिच्या तोंडातली फट मोजली. कशाने? स्वतःच्या काट्याने. बारीक फटीला शेपटीकडचा काटा, मोठ्या फटीला पाठीवरचा.

मग समारंभ झाला. महाराजांनी पंजाने स्टार्टर दाबला.

सगळे वाट बघत राहिले.

"अरे, सुरू कर ना!" महाराज म्हणाले.

"सुरू आहे, महाराज," गेनू म्हणाला.

खरंच सुरू होती. एखादं मांजर उन्हात झोपून गुरगुरावं, तेवढाच आवाज होता. धुराचा मागमूस नव्हता.

"एकवीस दिवस!" कोल्हा ओरडला. "आणि होता तो आवाजही घालवला!"

माकडं रडायला लागली. लगेच चौकशी समिती नेमली गेली. जीप चालू होईपर्यंत ती हलवायची नाही आणि गेनूने हत्यारांना हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

चौथ्या दिवशी सकाळी कमळा सशीण अडली. पिल्लं आडवी आली होती. भागाअक्काने हुकूम वाचला, घडी घातली आणि त्यावर कमळाला बसवलं. गेनू शेजारी बसला.

"हळू घे, अक्का. रिंगा नव्या आहेत, बसायच्यात अजून."

"हिला घाई आहे आणि तुला रिंगांचं पडलंय!"

पण अक्काने हळूच घेतली. तिसरं वळण आलं. दोघांनी श्वास रोखला. जीप दम न घेता चढून गेली. दुपारपर्यंत कमळाला पाच पिल्लं झाली. गेनू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला, कारण अक्का आत होती आणि बाहेर त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

परत आल्यावर समितीची बैठक भरली.

"जीप घाटावर गेलीच नाही," कोल्हा म्हणाला. "गेली असती तर धूर दिसला असता."

"मग ही पाच पिल्लं?" कमळाने विचारलं.

"ती घरीच झाली. तशी नोंद केली आहे."

गेनू उठला. घरी गेला. हातोडा आणला आणि जीपच्या सायलेन्सरला एक सणसणीत भोक पाडलं. मग नळीच्या तोंडाशी एक डबा टांगला. त्यात ऑइलने भिजलेली चिंधी पेटवून ठेवली.

स्टार्टर दाबताच धडधड सुरू झाली. निळ्या धुराने अर्धं जंगल भरलं. माकडांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. खोकता खोकता महाराजांचे डोळे भरून आले.

"याला म्हणतात इंजिन!" ते म्हणाले. गेनूला शाल मिळाली. दुरुस्तीच्या यशाबद्दल समितीलाही एकेक शाल मिळाली.

भागाअक्का गेनूच्या कानाशी लागली. "मिस्त्री, पहिलं वळण गेलं की मी तो डबा काढून ठेवणार. पेशंट गुदमरतील."

"काढा की, अक्का," गेनू म्हणाला. "फक्त परत येताना आठवणीने लावा."

तात्पर्य : मुलांनो, काम नेहमी चोख करावं. मात्र ते झाल्यासारखं दिसावं म्हणून शेवटी थोडंसं बिघडवून ठेवावं.