जनूभाऊंचा तेरडा

गेल्या भाद्रपदात मी शेजारच्या जनूभाऊंचं एक झाड मुळासकट उपटलं, त्याला साडी नेसवली आणि त्याची पूजा केली.

यातली साडी माझ्या बायकोने नेसवली, पूजा आईने केली. उपटणं मात्र संपूर्णपणे माझं.

आमच्याकडे तेरड्याची गौर असते. तेरडा मुळांसकट आणायचा, मुळं म्हणजे गौरीची पावलं. वर मुखवटा बांधायचा, साडी नेसवायची, दागिने घालायचे आणि तिसऱ्या दिवशी तलावावर नेऊन विसर्जन. गौरी यायच्या दिवशी पनवेलच्या बाजारात तेरड्याच्या जुड्या ढिगाने येतात. "सकाळीच घेऊन ठेव," असं आईने बजावलं होतं. मी हो म्हणून दुकानात गेलो. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून मी दिवसभर खपतो, आणि त्या गडबडीत माझं बरंच काही बघायचं राहून जातं. संध्याकाळी आठवलं तेव्हा बाजारात अशा जुड्या उरल्या होत्या की त्या बघून गौर उंबऱ्यातूनच परत गेली असती.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मात्र रंगाच्या रिकाम्या डब्यांतून तेरडाच तेरडा होता. सगळा जनूभाऊंचा. ते गणपतीला पुतण्याकडे गेले होते. मी त्यातला सगळ्यांत देखणा, फुलांनी लगडलेला तेरडा निवडला. एवढ्यातला एक गेला तर माणसाला काय कळणार आहे?

हा विचार किती बिनडोक होता हे समजायला आधी जनूभाऊ समजायला हवेत.

जनूभाऊ घरत आमच्या समोरच्या दाराला राहतात. तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून शेवटी त्याच बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यापर्यंत चढले आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, शेअरला लागतात. जनूभाऊ तेरड्याला लागले. रद्दीवाल्याकडे त्यांना वनस्पतींच्या जाती ओळखायचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात म्हणे प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न असतो. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? उत्तर दिलं की पुढची पायरी. फुलामागची शेपटी लांब की आखूड? पुढची पायरी. असं उतरत उतरत शेवटी एका नावावर यायचं. जनूभाऊंना हे इतकं पटलं की ते सगळ्या आयुष्याकडेच तसे बघायला लागले.

"हाय का नाय, एवढंच सांगा," हे त्यांचं पालुपद. भाजीवाली म्हणाली, "कोथिंबीर तशी बरी आहे," की संपलं. "बरी म्हंजे काय? ताजी हाय का नाय?" डॉक्टरांनी त्यांना एकदा विचारलं, थोडंफार दुखतं का? जनूभाऊ म्हणाले, "थोडंफार नावाची जात नसते डॉक्टर. दुखतंय का नाय, ते इचारा."

माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले ते भिंग घ्यायला. भिंग घेतलं आणि भिंतीवरच्या चष्म्याच्या फ्रेमा बघत उभे राहिले. मी त्या रंगांप्रमाणे लावल्या होत्या. काळ्या एकीकडे, तपकिरी एकीकडे.

"शेठ, हे कोनी लावलं?"

"मीच."

"रंगावर जात ठरत नाय. एकाच तेरड्याला गुलाबी येतो, पांढरा येतो, जांभळा येतो. रंग फसवतो. दांडी बगा, नाक बगा."

मी बँकेत जाऊन येईपर्यंत त्यांनी दांडीचा बाक आणि नाकावरची कमान यांप्रमाणे सगळी भिंत नव्याने मांडली होती. पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकाने काळी फ्रेम मागितली की मी सगळ्या भिंतीवरून फिरत असे. जनूभाऊ स्टुलावर बसून सांगत, "आदी कमान इचारा, मंग सापडंल."

एका श्रावणात ते मला कर्नाळ्याच्या बाजूला घेऊन गेले. डोंगरउतारावर तेरडा फुलला होता आणि जनूभाऊ दर चार पावलांवर गुडघे टेकत होते. मला सगळा एकच तेरडा दिसत होता. ते म्हणत होते, इथे तीन जाती आहेत. हा बघा, पानं समोरासमोर, शेपटी इवलीशी. हा साधा, पानं एकाआड एक, शेपटी वाकडी, बोंडावर लव. आणि तो दगडावरचा, त्याला खोडच नाय. मलाही चेव आला. कारवीच्या आड मला एक लालभडक, झुपकेदार फूल दिसलं. तसं कुठेच नव्हतं. मी हाक मारली. आपल्या नावाने एखादी जात ओळखली जाईल का, इथवर माझी मजल गेली होती. जनूभाऊ धापा टाकत आले, भिंग लावलं, फूल उलटं केलं.

"शेपटी नाय. मूळ नाय. खाली तार हाय," ते शांतपणे म्हणाले. "शेठ, ही जात कारखान्यातली."

कुणाच्या तरी गाडीच्या हारातलं प्लास्टिकचं फूल होतं ते.

तर अशा माणसाचा तेरडा मी उपटला होता.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी जनूभाऊ पुतण्याकडून परत आले आणि दरवर्षीसारखे आमच्याकडे दर्शनाला आले. हळदकुंकू वाहिलं, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं कमरेत उसण भरली. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि गौरीच्या खांद्याशी, साडीच्या पदरातून डोकावणाऱ्या एका फुलाला लावलं.

"अहो जनूभाऊ," आई म्हणाली, "गौरीला भिंग लावून बघताय?"

"पायाच पडतंय वयनी. जरा जवळून." मग माझ्याकडे वळून, "शेठ, गौर कुटनं आणली?"

"बाजारातून."

"बाजारात अशी शेपटी येत नाय."

ते गच्चीवर गेले. परत आले तेव्हा हातात रंगाचा रिकामा डबा होता, तळाशी उकरलेली माती. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

"तुमी झाड उपटलं. हाय का नाय?"

मी म्हणालो, "त्याचं असं झालं की बाजारात—"

"हाय का नाय?"

"हाय."

मला वाटलं आता आवाज चढेल. पण जनूभाऊ पाटावर बसले आणि डबा मांडीवर घेतला. माझ्या बायकोने पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. आईनेच विचारलं, एवढं काय होतं हो त्या झाडात?

"वयनी, आमच्या गावामागं टेकडी होती," ते म्हणाले. "आता तिथं इमानतळ हाय, टेकडी नाय. आमची तारा दर वर्साला गौरीचा तेरडा तिथनं आणायची. मागल्या उतारावरचाच. बोलायची, हा येगला हाय, याचं बोंड गुळगुळीत हाय. मी तवा नवीन नवीन पुस्तक वाचलेला. मी बोलायचो, तेरडा तो तेरडा, त्याला लव असतेच. तुझे हात मिठागरात काम करून खरखरीत झालेत, तुला लव लागत नाय. ती बोलायची, चला वर, भिंग लावून बगा. मी बोलायचो, बगू पुढल्या वर्साला."

पुढच्या वर्षी काय झालं हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांची बायको ताराबाई गेल्या, तेव्हा खांदा मीही दिला होता.

"मंग टेकडी कापायला मशिनी आल्या. मी त्या उताराची डबाभर माती आणली. दर वर्साला पानी घालतंय. गवत येतं. नुसतं गवत. यंदा पयल्यांदा हा एक तेरडा आला. शेपटी लांब हाय. आता फकस्त बोंड धरायचं बाकी होतं. लव असली तर साधा तेरडा, माजं बरोबर. लव नसली तर येगला, तिचं बरोबर." त्यांनी गौरीकडे पाहिलं. "उद्या तुमी तिला तलावात सोडणार. मंग झालं."

तेरड्याचं झाड पावसाळ्यापुरतं. बोंड धरून बी पडलं तर पुढच्या वर्षी परत, नाहीतर वंश संपला. हे माझ्यासारख्यालाही आता समजलं होतं.

आई उठली. तिने तांब्याभर पाणी आणलं, साडीच्या निऱ्या वर केल्या आणि गौरीची पावलं तांब्यात सोडली. "सणाच्या दिवशी तहानलेली कशाला ठेवायची," एवढंच म्हणाली. त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांनी विचारलं, यंदा गौर तांब्यात का? माझी बायको म्हणाली, आमच्यात असंच असतं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण सासरच्या रीतीचं इतकं ठाम समर्थन मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं. जनूभाऊ दिवसभर कोपऱ्यात बसून होते. कुणी बाई गौरीला हार घालायला वाकली की ते अर्धे उठत आणि म्हणत, "हळू. कळी हाय तिथं."

खरी भीती विसर्जनाची होती. आई रीतीची पक्की. एका वर्षी मी आरतीतलं एक कडवं गाळलं म्हणून तिने पूर्ण आरती पहिल्यापासून म्हणायला लावली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने आरती केली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मुखवटा उतरवला. मी बिचकत विचारलं, "रिक्षा बोलावू तलावावर जायला?"

"कशाला? बादली घे."

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. आईने बादलीत पाणी भरलं, गौरीची पावलं त्यात तीनदा बुडवली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी लवकर ये." मग झाड जनूभाऊंच्या हातात दिलं. जनूभाऊंनी ते डब्यात लावलं, माती दाबली. विसर्जनाहून येताना चिमूटभर माती घरी आणायची असते, ती आईने त्याच डब्यातून घेतली. नंतर जिन्यात मला हळूच म्हणाली, "आपल्या घरीच चालली होती. पाण्यातून गेली काय आणि मातीतून गेली काय."

झाड दोन दिवसांत माना टाकून मोकळं झालं. मग सुरू झाली माझी शिक्षा. जनूभाऊंनी सांगितलं, ऊन लागता कामा नये. मी दुकान बायकोवर सोडून गच्चीवर छत्री धरून बसायचो. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, काय बघताय? मी म्हणालो, तेरडा. त्यांनी त्यांच्या मिसेसना हाक मारली, त्याही बघायला आल्या. तेरड्याला नव्हे, मला.

एका सकाळी जनूभाऊ धावत खाली आले. चप्पल एकाच पायात होती. "शेठ, शेंड्याचं पान उभं हाय." मी वर जाऊन पाहिलं. शेंड्याचं खरंच, आणि खालची दोन थोडीशी. "थोडंफार उभं आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच म्हणालो, "हाय. उभं हाय." त्या दिवशी मला दोन्ही वेळचं जेवण नीट गेलं. गौर बसल्यापासून पहिल्यांदाच.

नवरात्राच्या आधी बोंडं धरली. लहान, हिरवी, फुगीर. जनूभाऊंनी मला आणि आईला वर बोलावलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. ते डब्यापुढे मांडी घालून बसले, एका बोंडाखाली तळहात धरला, बोंडाला न टेकवता, आणि भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ ते हलले नाहीत. वरून एक विमान गेलं तरी वर पाहिलं नाही.

मग त्यांनी भिंग खाली घेतलं.

"लव नाय," ते म्हणाले. "गुळगुळीत हाय. तारा बोलायची तेच. येगलीच जात."

आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं आणि डब्यात पाणी घालायला तांब्या शोधत टाकीकडे गेले. मीही वाकून बोंडाला भिंग लावलं. भिंग माझ्याच दुकानातलं, उत्तम. बोंडाच्या पाठीवर बारीक, पांढरी, मऊ लव सकाळच्या उन्हात चमकत होती. नुकती मिसरूड फुटलेल्या पोराच्या ओठावर असते, तशी. दाट.

"अहो जनूभाऊ," मी मान वर केली, "पण लव तर—"

आईने माझा दंड असा धरला की भिंग हातातून पडता पडता राहिलं.

"तेरड्याचं बोंड निदान हात लावल्यावर फुटतं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुझं तोंड आपलं न लावताच."