विहीणबाईंचे ओठ

पूर्वीने माऊस असा काही आपटला, की आईने स्वयंपाकघरातून काय फुटलं म्हणून विचारलं. अजून काही फुटलं नव्हतं, पण पूर्वीचा तसा विचार होता.

समोर ताईच्या लग्नाचा व्हिडिओ चालू होता. ढोलवाला काठी हाणायचा, आणि धम्म ऐकू यायचं तो काठी बगलेत धरून घाम पुसायला लागल्यावर. भटजी तोंड मिटायचे तेव्हा त्यांचं मंगलाष्टक सुरू व्हायचं. पप्पा मांडवाच्या दारात पाहुण्यांना हात जोडत होते, आणि त्यांच्या तोंडून एक अनोळखी बाई विचारत होती, माझी चप्पल कुनी नेली? एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलेली एकूण एक फाइल अशीच. सुरुवातीला आवाज जेमतेम घसरलेला, आणि पुढे पुढे पार मागे राहिलेला.

दुसरं कोणी असतं तर हसून लोळलं असतं. पूर्वीला मात्र दात खावेसे वाटत होते, कारण या व्हिडिओवर ताईची परीक्षा लटकली होती.

रूपाताई कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. लग्न ठरताना वज्रेश्वरीच्या, सासरकडच्या मंडळींनी परीक्षेला होय होय करून माना डोलावल्या होत्या. हळद उतरली आणि सासूबाई, गुणाबाई, विचारायला लागल्या, परीक्षेचं मी कवा बोल्ले? ऐकून पूर्वीच्या डोक्यात तिडीक गेली. नेमकी त्याच दिवशी तिला आतेभाऊ भूपेशदादाने काढलेल्या शूटिंगमध्ये पंगत सापडली. पडद्यावर गुणाबाईंचा चेहरा, तोंड हलतंय, आणि ढोलाच्या गोंगाटातून खणखणीत आवाज येतोय, "माझे सुनंला मी परीक्षेला बसवनार. चुलीचं काय, चूल मी बघंन."

आता काय, पुरावाच. पूर्वीने तिथल्या तिथे ताईला फोन लावला. ताईने सागर जिजूंना सांगितलं, जिजूंनी आपल्या आईला. गुणाबाईंचा उलट निरोप आला. रविवारी जेवायला येतोच आहोत, तेव्हा सगळ्यांसमोर दाखवा. "माझे ओठ त्याच बोलांवर हालताना दिसले, तं मी सोता तिला सेंटरवर सोडीन. न्हाय दिसले, तं परीक्षेचं नाव काडायचं न्हाय."

आणि ओठच तर बसत नव्हते! गुणाबाईंचं तोंड आधी हलायचं, बोल मागून यायचे. तोंड थांबायचं तरी बोल चालूच. पूर्वीचं म्हणणं एकच, आवाज थोडासा पुढे ओढला की झालं.

तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फाइलींची नावं बदलली. मग भूपेशदादाला फोन केला, मूळ शूटिंग परत पाठव म्हणून. मानकोलीच्या गोदामातून ड्युटी संपवून तो नुकताच आडवा झाला होता. ते त्याने केव्हाच उडवलं होतं, मोबाइलमध्ये जागाच नव्हती म्हणे. "माझ्याकडे एकदम मस्त चालत होता. तुझ्याच डब्याचा लोचा हाय," एवढं बोलून तो झोपला. पूर्वीने मग उशीला दोन गुद्दे घातले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पप्पांनी कॉम्प्युटर तापला असेल म्हणून त्याच्यावर टेबलफॅन सोडला. भूपेशची आई, म्हणजे सीताबाई आत्या, शेजारच्या गल्लीत राहायची. ती येऊन म्हणाली, नजर लागली, दुसरं काय? तिने मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. पंख्याने तो सगळा धूर पूर्वीच्या नाकात घातला. कॉम्प्युटरची नजर उतरली की नाही कोण जाणे, पूर्वीचे डोळे मात्र दुपारभर वाहत होते. रडतेस कशाला, असं तिला जो तो विचारत होता आणि ती प्रत्येकावर खेकसत होती.

शेवटी एका हिंदी व्हिडिओवाल्याने कोडं सोडवलं. अर्धा वेळ त्याने दोस्तों, दोस्तों करण्यात घालवला, पण मुद्द्याचं बोलला. मोबाइल शूटिंग करताना उजेड असेल तेव्हा भराभर चित्रं काढतो, उजेड कमी झाला की रेंगाळतो. सॉफ्टवेअर बिचारं समजतं की चाल सगळीकडे एकच आहे, म्हणून आवाज घसरतो. उपाय सोपा. फाइल आधी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमधून एकसारख्या चालीची बनवून घ्यायची, मग आत घ्यायची.

पूर्वीने लगेच ते सॉफ्टवेअर कामाला लावलं. पट्टी इंचाइंचाने सरकत शेवटाला पोचली आणि लाइट गेली. तेव्हा ती जे बोलली ते आईने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. लाइट आल्यावर पहिल्यापासून. रविवारी सकाळी एकदाच्या नव्या फाइली तयार झाल्या, तर ठेवायला जागा नाही. मग तिने त्या जुन्या, घसरलेल्या, छळवादी फाइली एकेक निवडून पुसल्या. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसल्या. काळीज थंड झालं.

आणि सगळं जमलं! काठी आणि धम्म एकदम. भटजी बोलतात आणि भटजीच ऐकू येतात. पंगत आली, पूर्वी पुढे सरकून बसली.

पडद्यावर सीताबाई आत्या. कमरेवर हात, शेजारणीसमोर फुशारकी चाललेली, "माझे सुनंला मी परीक्षेला बसवनार. चुलीचं काय, चूल मी बघंन." अक्षर न् अक्षर ओठांना चिकटलेलं. मग भूपेशने मोबाइल वळवला. आता गुणाबाई. तोंड हलतंय. "जिलबी गार हाय. गरम आन जरा."

पूर्वी गार पडली. इतके दिवस जी चूक दुरुस्त करायला ती जिवाचं रान करत होती, तीच तिला आता परत हवी होती. तिने आवाज सुटा केला आणि हाताने मागे ओढला. बसेना. एकदा ती जिलबी दिसल्यावर गुणाबाईंच्या तोंडात दुसरं काही दिसायलाच तयार नव्हतं. ती अजून ओढाताण करतेय तोवर दारात गाडीचा हॉर्न वाजला.

कॉम्प्युटर बिघडला असं सांगायचं तिने ठरवलं होतं. पण पंगत बघायच्या आधीच तिने व्हिडिओ भरून ठेवलेला पेनड्राइव्ह पप्पांनी कौतुकाच्या भरात टीव्हीला लावूनसुद्धा टाकला. वर विहीणबाईंना सांगितलं, आधी आवाज घसरत होता, आता पोरीने बरोब्बर बसवलाय. ताई पूर्वीकडे आशेने बघत होती. पूर्वी फरशीकडे.

आत्याचं वाक्य झालं. पाठोपाठ जिलबी. पप्पांना घाईने पुढे न्यायचं होतं, त्यांनी रिमोट उलटा दाबला. पुन्हा आत्या, पुन्हा जिलबी. त्यांनी आणखी जोरात दाबला. पुन्हा आत्या, पुन्हा जिलबी.

वज्रेश्वरीच्या बायका जेवायला आलेल्या आत्याकडे वळल्या. सुनेला शिकवता म्हणजे मोठं मन हो तुमचं, असं एकेकीचं सुरू झालं. आत्याने पदर सावरला आणि जमेल तेवढी मान खाली घातली. गुणाबाई लाल झाल्या.

"बंद करा तो टीव्ही," त्या कडाडल्या. "हिची सून परीक्षेला बसनार आनि माझी काय भाकऱ्या थापीत बसनार? रूपा, पुस्तकं हितंच हायेत ना तुझी? आजच घे संगतीला."

ताई पुस्तकांकडे धावली. भात वाढत असलेली आत्याची सून, रंजिता, भातवाढी हातात धरून तशीच उभी राहिली. "आई," तिने गोड आवाजात विचारलं, "मंग माझा फॉर्म कवा भरायचा?" आत्याला जोराचा ठसका लागला.

गुणाबाईंनी पहिला घास घेतला, सगळ्यांवर एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आनि ते जिलबीचं मी न्हाय बोल्ले. कोनी दुसरंच बोललंय. आवाज घसरलाय त्यात. पोरीला अजून जमत न्हाय."

पूर्वीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून आलेल्या ताईने टाचेने तिचा अंगठा असा दाबला, की तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

"हो मावशी," पूर्वी दातांतून म्हणाली, "घसरलाय आवाज."