नऊ हजार तासांची पट्टी

लोखंड गंजतं हा निसर्गाचा नियम आहे, आणि ते गंजत नाही हा प्रमाणपत्राचा. या दोन्ही नियमांचा सारखाच मान राखून गेली सत्तावीस वर्षं अखंड काम करणारं एक खातं आहे: कठडे, जिने आणि फाटकं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं लेप-संशोधन खातं. लोखंडावर लेप चढवून त्याचं हवापाण्यापासून रक्षण करणे, असं खात्याचं ध्येय दर्शनी भिंतीवर रंगवलेलं होतं. (भिंतीला ओल येऊन त्यातली निम्मी अक्षरं गेली होती, पण भिंत लोखंडाची नसल्यामुळे ती बाब खात्याच्या अखत्यारीत येत नव्हती.)

खात्याच्या प्रमुखांना सगळे मायक्रॉनराव म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेपाची जाडी त्यातच मोजतात, आणि मायक्रॉनराव उरलेलं जगही त्यातच मोजत. मुलीसाठी स्थळ पाहून आल्यावर त्यांनी ‘मुलगा जाडीला पुरेसा, पण सगळीकडे सारखा नाही’ असा शेरा दिला होता. खिशात पेन नसलं तरी चाले, पण जाडी मोजायचं छोटं यंत्र कायम असे. माणूस सरळमार्गी, कामाला वाघ. अशा माणसाच्या हातून जे घडतं ते लबाडाला सात जन्मांत जमत नाही.

खात्याची कार्यपद्धती अत्यंत शास्त्रशुद्ध होती. लेप टिकतो का हे पाहायला मिठाची पेटी असते. तिच्यात रात्रंदिवस खाऱ्या पाण्याचं धुकं सोडतात. कठडा पेटीत मावत नाही. तोच लेप दिलेली तळहाताएवढी लोखंडी पट्टी मावते. म्हणून कठड्याच्या वतीने पट्टी परीक्षेला बसते, आणि ती जितके तास गंजत नाही तितक्या तासांचं प्रमाणपत्र कठड्याला मिळतं. गिऱ्हाईकाचा निरीक्षक येतो, पट्टी उलटसुलट करून पाहतो, चहा पितो आणि समाधानाने जातो.

ज्याची परीक्षा होते त्याच्याकडे लक्ष द्यावं, हे ओघानेच आलं. मायक्रॉनरावांनी पट्टीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि त्यातून एकाहून एक सरस शोध लागत गेले. गंज नेहमी कोपऱ्यापासून सुरू होतो, असं ध्यानात आल्यावर त्यांनी पट्टीचे कोपरेच काढून टाकले. गोल पट्टी पाचशे तास टिकली. मग खारं पाणी साचू नये म्हणून ती तिरकी टांगली: सातशे. मग सात थर आले, प्रत्येक थरामागे एक दिवसाची विश्रांती (पट्टीला, कामगारांना रविवार होताच). हाताचा घाम लागू नये म्हणून पट्टीला फक्त मखमली हातमोज्यांनी उचलायचं ठरलं. शिंकणाऱ्याला खात्यात मज्जाव झाला. अठराशे तास झाले, तेव्हा तज्ज्ञांनी तोंडात बोटं घातली.

पण खरी झेप पुढेच होती. एके दिवशी मायक्रॉनरावांना सुचलं, की गंजणं हा लोखंडाचा दोष आहे, लेपाचा नव्हे. आणि आपण तर लेपाची परीक्षा घेतो. मग लोखंडाच्या दोषापायी लेपाचे गुण का कापावेत? त्यांनी लेप काचेवर दिला. काचेची पट्टी नऊ हजार तास टिकली. नंतर चाचणी थांबवावी लागली, कारण मिठाची पेटी गंजून तिचा तळ गेला.

या शोधाबद्दल त्यांना कारखान्याचा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला. त्याच सुमाराला कारखान्याने एका नव्या वसाहतीच्या दोनशे चाळीस घरांना गॅलरीचे कठडे पुरवले, आणि मायक्रॉनरावांनी मुलीला आग्रह करकरून त्याच वसाहतीत चौथ्या मजल्यावर घर घ्यायला लावलं. “कठड्याची काळजी नको,” ते म्हणाले होते. “त्यावर माझी सही आहे.”

दोन वर्षांनी एका रविवारी ते मुलीकडे गेले होते. चौदा महिन्यांची नात नुकतीच धरून धरून उभी राहायला लागली होती. गॅलरीत गेली की कठड्याचे गज धरायची आणि खालची वाहनं बघत गुडघ्यांतून उड्या मारायची.

“बाबा, हिच्या हाताला हे काय लागतं हो रोज?” मुलीने विचारलं. “किती धुतलं तरी जात नाही.”

नातीचे दोन्ही तळवे तपकिरी झाले होते.

“माती असेल,” मायक्रॉनराव म्हणाले.

“चौथ्या मजल्यावर?”

त्यांनी खिशातलं यंत्र काढून गजाला लावलं. प्रमाणपत्रात ऐंशी मायक्रॉन होते. यंत्राने अकरा दाखवले. मागच्या बाजूला चार. जिथे गज गॅलरीच्या फरशीत शिरतो तिथे शून्य. यंत्र बिघडलं असणार असं समजून त्यांनी तिथे नखाने टोकरलं, तर पोपडा निघाला. मग त्यांनी जावयाचा पेचकस मागून घेतला, आणि तो गजाच्या या बाजूने आत जाऊन त्या बाजूने बाहेर आला. नात अजून उड्या मारत होती. त्यांनी तिला उचलून आत आणलं, आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खऱ्या कठड्यांना रंग देणाऱ्या माल विभागाचा पास काढला. सत्तावीस वर्षांत ते तिथे कधीच गेले नव्हते. तिथली धूळ पट्टीला लागू नये म्हणून दोन्ही विभागांत जाण्यायेण्याला बंदी होती, आणि ती त्यांनीच घातली होती. आत कठडे आकड्यांना लटकून सरकत होते आणि एक रंगारी हातातल्या बंदुकीने त्यांच्यावर रंगाची पावडर उडवत होता. एका कठड्याला चाळीस सेकंद.

“मागून मारत नाही?” मायक्रॉनरावांनी विचारलं.

“मागून कोण बघतंय, साहेब?”

“आणि खालचा भाग?”

“तो सिमेंटमध्ये जातो की. दिसत नाही.”

“अरे, पण आपला सात थरांचा लेप?”

रंगारी गोंधळला. “तो तर पट्टीचा ना?” तो म्हणाला. “कठड्याला कसा लावायचा? त्याला एक-एक दिवस विश्रांती लागते म्हणतात.”

मायक्रॉनरावांना रागवायचं होतं, पण कोणावर ते ठरेना. त्यांनी मुलीच्या कठड्याचा बोटभर तुकडा कापून आणला आणि मिठाच्या नव्या पेटीत टांगला. खात्याच्या इतिहासात खऱ्या मालाचा तुकडा पेटीत जाण्याची ही पहिलीच वेळ. एकोणिसाव्या तासाला तो मोडून पेटीच्या तळाशी पडला.

अहवाल मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी तीन सदस्यांची समिती नेमली आणि समितीने कोणाचीही भीडभाड न ठेवता निष्कर्ष काढले. ते असे, की सदर तुकडा चाचणीपूर्वी हवा व पाणी यांच्या संपर्कात आला होता, सबब तो चाचणीस अपात्र आहे. विकायचा माल तपासल्यास तो वापरलेला ठरतो, सबब तो विकता येत नाही. आणि मालाविषयीच्या एकूण तक्रारींपैकी एक्क्याण्णव टक्के तक्रारी माल वापरणाऱ्यांकडूनच येतात, हा कल चिंताजनक आहे.

दोन वर्षांपूर्वी जाहीर झालेल्या सन्मानाचा समारंभ अखेर ठरला, त्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यांना बोलावलं. टेबलावर वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्याचं प्रमाणपत्र होतं. आणखी दोनशे चाळीस कठडे.

“साहेब, मला यावर सही करवत नाही,” मायक्रॉनराव म्हणाले.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. “बसा. मला एक सांगा, सही तुम्ही कशाची करता? पट्टीचीच ना?”

“हो.”

“पट्टीत काही खोट आहे?”

“छे. पट्टी निर्दोष आहे.”

“मग खोटं काय लिहिलंय यात?”

मायक्रॉनरावांनी प्रमाणपत्र वरून खाली वाचलं, मग खालून वर. एक अक्षर खोटं नव्हतं. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही खोटी सही केली नव्हती, आणि ही केली तरी तो विक्रम अबाधित राहत होता. बाहेर सभागृहात खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. बायको नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. त्यांनी सही केली. आपण घाबरलो आहोत हे त्यांना समजत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. मात्र सही नेहमीसारखीच ठसठशीत आली.

शाल खांद्यावर घेऊन ते तसेच मुलीच्या घरी गेले. वाटेत त्यांनी एक भक्कम कुलूप घेतलं आणि ते गॅलरीच्या दाराला लावलं. नात दाराशी येऊन काचेवर थापट्या मारू लागली.

“तिला त्या बाजूला सोडू नकोस,” ते म्हणाले. “तुम्हीही जाऊ नका.”

“का? कठडा तुमचाच आहे ना?”

“म्हणूनच सांगतोय.”

मुलीने नातीला दारापासून मागे घेतलं. “मग शेजारच्यांना सांगून येते,” ती म्हणाली. “त्यांची जुळी दिवसभर गॅलरीतच असतात.”

ती चप्पल पायात घालायला लागली. मायक्रॉनरावांनी तिचा हात धरला.

“थांब. असं तोंडी सांगून घबराट पसरते. मी रीतसर कळवतो.”

त्यांनी रीतसर कळवण्याचा मसुदा त्याच आठवड्यात तयार केला. तो सध्या समितीकडे आहे. मसुद्यातल्या ‘कठडा’ या शब्दाऐवजी ‘पट्टी’ असा शब्द घालून तो सुधारावा, अशी समितीची सूचना आहे आणि मायक्रॉनराव तिच्यावर गांभीर्याने विचार करत आहेत. कुलूप मात्र उत्तम आहे. ते त्यांनी घेण्यापूर्वी स्वतः हाताने ओढून पाहिलं होतं.

वाचकांपैकी कोणी हे आपल्या गॅलरीत बसून वाचत असेल, तर त्यांनी आत यावं आणि दार लावून घ्यावं. शेजारच्या गॅलरीत आता या वेळी कोण उभं असतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यांना लगेच हाक मारायची, की रीतसर कळवायचं, हेही आपण एव्हाना ठरवलं असेल.