पद्माक्का आणि सात नंबरचा ताप

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये दहा संगणक होते आणि पद्माक्का रोज सकाळी त्या दहाही जणांच्या अंगाला हात लावून ताप बघत असत. मशीनं चालू करून पंधरा मिनिटं झाली की त्यांची फेरी निघे. पहिल्याच्या डब्यावर पालथा हात, डोळे मिटलेले, मग निकाल: "बरा आहे." दुसरा: "बरा आहे." चौथ्यापाशी जरा जास्त वेळ. "याला कणकण आहे की. आज याच्यावर कुणी बसू नका." मग चौथ्यावर ज्याची पाळी असे तो विद्यार्थी अतिशय दुःखी चेहऱ्याने खाली इडली खायला जाई.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मल्लेश्वरममध्ये एका कॉफीपूड दळणाऱ्या दुकानाच्या वर आमची ही ज्ञानगंगा वाहत होती. मी पुण्याहून नुकताच आलो होतो, सी भाषा शिकवत होतो आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो. पद्माक्का लॅब सांभाळत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे कानडी मुलुखात आलं आणि त्यानंतर महाराष्ट्राशी त्यांचा पत्रव्यवहार नसावा, असं त्यांचं मराठी ऐकून वाटे. "मोहना, स्वल्प थांब, मी येऊन बोल्लते," असं त्या म्हणत. मराठी ही माझ्या वडिलांची इस्टेट असल्याच्या थाटात मी त्यांना दुरुस्त करी. त्या शांतपणे "सरी", म्हणजे बरं, म्हणत आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच बोलत.

त्यांच्या लॅबचे नियम देवळाहून कडक होते. चप्पल बाहेर हे तर तेव्हा सगळीकडेच असे. पण अक्कांच्या राज्यात ओले केस, खिशातले शेंगदाणे आणि मोठा आवाज हेही बाहेर ठेवून यावं लागे. मशीनसमोर भांडलेलं चालत नसे, त्याने ती गरम होतात म्हणून. गेम खेळलेला चालत नसे, त्याने ती दमतात म्हणून. एकदा एसी बंद पडला तेव्हा अक्कांना हजेरीपटाने पाच नंबरला वारा घालताना मी स्वतः पाहिलं आहे. मी विचारलं, "अक्का, याला लिंबू-सरबत देऊ का?" त्या म्हणाल्या, "ओलं चालत नाही त्याला." इतकी मेहनत घेऊन केलेला विनोद असा पाण्यात गेला की पुण्याची फार आठवण येते.

अशा या बाईच्या हाती मी एक सॉफ्टवेअर दिलं. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती, तिच्यात ते होतं. मशीनच्या आतल्या सेन्सरवरून ते तापमान, पंख्याचा वेग आणि व्होल्टेज पडद्यावर दाखवी, आणि ताप फार चढला तर भोंगा वाजवी. माझा हेतू उदात्त होता. मालक नंजप्पा सर यांच्यावर छाप पाडायची आणि अक्कांचा पालथा हात एकदाचा बंद करायचा.

पहिले दोन दिवस अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या एक नवी वही घेऊन आल्या. तापमानाचा रकाना, पंख्याचा रकाना, व्होल्टेजचा रकाना. त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातली शांतता संपली.

"मोहना, पाच व्होल्ट पाहिजे म्हणतास. इथं चार पॉइंट नव्याण्णव दाखवतंय. राहिलेलं कुठं गेलं?"

"वाटेत सांडलं असेल, अक्का."

त्या खरोखर खाली वाकल्या आणि वायर तपासून आल्या. "खाली काय नाही," त्या म्हणाल्या.

मग सात नंबरचा भोंगा वाजायला लागला. तासाला एकदा, कधी दोनदा. पडद्यावर लाल अक्षरात ब्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. विद्यार्थी कवायत शिकवल्यासारखे उठून खाली जात. आम्ही पंखा बदलला, धूळ काढली, डब्याचं झाकण उघडं ठेवलं. ताप काही उतरेना. अक्कांनी उघड्या डब्यात पालथा हात नेला आणि म्हणाल्या, "याला ताप नाही. शंभराजवळ असतं तर माझं बोट भाजलं असतं की." मी त्यांना समजावलं की सेन्सर हे विज्ञान आहे आणि हात हा हात आहे. हे मी सर्वांसमोर, बरंच मोठ्याने समजावलं.

नंजप्पा सरांना संगणकातलं फक्त बिल कळत असे. पुढच्या आठवड्यात मुख्य ऑफिसची माणसं तपासणीला यायची होती. सर लॅबमध्ये आले, भोंगा ऐकला आणि कन्नडमध्ये अक्कांना म्हणाले, "लॅबची काळजी तुमची. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तुम्ही बाहेर चौकशीच्या टेबलावर बसा, इथं दुसरं कुणी बघेल." अक्कांनी वहीत सात नंबरचा आकडा लिहून घेतला. मी मात्र मनात म्हणालो की चला, आता तरी शेंगदाणे आत नेता येतील. तेव्हा मी असा होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी संध्याकाळी अक्कांनी सात नंबरची वायर भिंतीतून उपटून ठेवली आणि मला सांगितलं, "उद्या सात वाजता ये." थंडीचे दिवस होते, शिव्या घालत गेलो. अक्का स्वेटर घालून, डोक्याला रुमाल बांधून दारात उभ्या. भिंतीवरच्या तापमापकात वीस. रात्रभर बंद असलेलं मशीन आम्ही चालू केलं आणि सॉफ्टवेअर उघडलं. त्याने सांगितलं, छप्पन्न.

अक्का माझ्याकडे वळल्या. "रात्रभर गार झोपलेल्याला उठता उठता इतका ताप कसा यायचा?"

पुण्यातल्या उत्तम कॉलेजात मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो होतो. ही साधी परीक्षा मला सुचली नव्हती.

"हा एकटा नंतर आला," अक्का पुढे म्हणाल्या. "बाकी नऊ एका वेळेला घेतले. याचा बोर्ड वेगळा आहे. वेगळ्याला वेगळं काही करायला पाहिजे होतं काय?"

करायला पाहिजे होतं. प्रत्येक बोर्डावरच्या सेन्सरची जात सॉफ्टवेअरला सांगावी लागते. मी ती एका मशीनवर सांगितली आणि तीच फाइल फ्लॉपीवरून दहाही मशीनवर ओतून मोकळा झालो. सात नंबर बिचारा आपली खरी हकीकत सांगत होता आणि माझी फाइल तिचा भलताच अर्थ लावत होती. मी सेटिंग बदललं. छप्पन्नाचे चोवीस झाले. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

"सॉफ्टवेअरचाच काहीतरी घोळ होता," मी म्हणालो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत चोवीस लिहिले.

दहा वाजता नंजप्पा सर आले. भोंगा बंद, सात नंबर ठणठणीत. अक्कांनी सांगितलं, सेटिंग चुकलं होतं, आता सरळ झालंय. वास्तविक गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मालक लोकांना रोग बरा होऊन भागत नाही, रोगी लागतो. त्यांनी विचारलं, "यारु माडिद्दु?" कुणी केलं?

मागच्याच महिन्यात एका शिक्षकाने लॅबमध्ये व्हायरसवाली फ्लॉपी घातली म्हणून त्याला सरांनी दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवलं होतं. मी पडद्याकडे बघत राहिलो. पडद्यावर काही नव्हतं.

"मीच, सर," अक्का म्हणाल्या. "पुसताना हात लागला."

पुसताना हात लागून असलं सेटिंग बदलायला निदान अर्धा तास पुसावं लागेल. पण सरांना ते पटलं. वयस्कर माणसांनी यंत्राच्या वाटेला जाऊ नये, एवढं बोलून त्यांनी अक्कांकडून लॅबची किल्ली मागून घेतली. अक्कांनी ती पदराच्या गाठीतून सोडून दिली. गाठ घट्ट होती, सुटायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळातही मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी चौकशीच्या टेबलापाशी गेलो. "अक्का, मी उद्या सरांना खरं सांगतो."

"नको. मग मी खोटं बोल्लले असं होतंय. या वयात ते कशाला?" त्या माहितीपत्रकांचा गठ्ठा सारखा करत होत्या. "तुझं प्रोबेशन किती राहिलं?"

"दोन महिने."

"सरी. मला काढलं तरी भाऊ दोन वेळ जेवायला घालतो. तुला काढलं तर घरी जाऊन आईला काय सांगणार होतास?"

मी विचारलं, "लॅबची आठवण येईल ना?"

त्यांनी गठ्ठ्यातलं एक उलटं माहितीपत्रक सरळ केलं. "भावाच्या घरी मला कोण विचारत नाही, मोहना. राग नाही, त्यांना कामं असतात. इथं मी दहा जणांना विचारत होते. तेवढं बरं वाटत होतं." मग त्या म्हणाल्या, "आता जा, बस चुकेल."

मी सरांना सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, प्रोबेशन संपल्यावर तर नक्कीच सांगू, असं करत करत राहून गेलं. मी कायम झालो, पगार वाढला. अक्का चौकशीच्या टेबलावरच राहिल्या. माझ्या वर्गाचं दार त्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येई. प्रवेशासाठी कुणी आईबाप मुलाला घेऊन आले की अक्का त्यांना सांगत, "त्या मोहन सरांच्या वर्गात घाला. पुण्याचे आहेत. फार खरा मुलगा."

टोमणा ओळखण्यात माझा हातखंडा आहे, तो मी लहानपणापासून ऐकत आणि मारत आलो आहे. अक्कांच्या त्या वाक्यात मी तो कितीदा तरी शोधला. तो त्यात नव्हता. मग मला खडू घेऊन फळ्याकडे तोंड करावं लागे, आणि मुलांना वाटे, सर आता काहीतरी लिहिणार आहेत.