ठकूबाईचा बत्तीस बोअर

एका जंगलात, बुधवारी सकाळी सव्वासहा वाजता, करवंदीच्या जाळीपासून वीस पावलांवर असलेल्या पाणवठ्यावर, सदोबा नावाचा ससा पाणी पीत असताना बिबट्याने त्याला उचलले.

बाळांनो, मांडी घालून नीट बसा. ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. तेव्हा प्राणी बोलत असत, अर्ज करत असत, आणि अर्जाची पोच हातात पडली की न्याय मिळाल्यासारखे आनंदाने घरी जात असत. आता तसे काही राहिलेले नाही. तेव्हा घाबरू नका.

सदोबा हा त्या महिन्यातला चौथा. पहिला गेला तो ठकूबाई साळिंदरणीचा नवरा. अंगभर काटे असलेला गडी. पण बिबट्या पाठीमागून आलाच नाही. समोरून आला आणि त्याने तोंडाला धरले. तोंडावर काटे नसतात, हे बिबट्याला ठाऊक होते.

ठकूबाईच्या बिळात दोन पिल्ले होती. उन्हाळा कडक होता. ओढा आटला होता आणि साऱ्या जंगलात पाणवठा उरला होता एकच. रोज सकाळी दोन पिल्ले पाण्यावर न्यायची आणि दोनच्या दोन परत आणायची, एवढेच तिला हवे होते.

ती चौकीवर गेली. तिथे हवालदार रानडुक्कर बसला होता.

"हवालदारसाहेब, बिबट्याला धरा."

"आरोपी फरार आहे."

"फरार? तो काय कातळावर ऊन खात पडलाय. इथनं शेपूट दिसतंय त्याचं."

हवालदाराने मान वळवली नाही. "तुम्हाला दिसत असेल, बाई. कागदावर फरार आहे. कागद बघून बोलत जा."

"मग पाणवठ्यावर पहारा तरी बसवा."

"शिपाई कमी आहेत."

"आत पाच जण घोरतायत!"

"ते राखीव आहेत."

इकडे वाघमहाराजांना चौथ्या बळीचे फार दुःख झाले. इतके झाले की त्यांनी योजना काढली. 'ज्याचे त्याने संरक्षण' योजना. प्रत्येक प्राण्याला पिस्तुलाचा परवाना मिळणार होता, आणि परवान्याबरोबर पिस्तूलही. जंगलातल्या वर्तमानपत्राने ही बातमी पहिल्या पानावर महाराजांच्या फोटोसह छापली. सदोबा सातव्या पानावर होता, हवामानाच्या खाली.

बिबट्याला पकडण्याचा विषय त्या दिवशी संपला. आता कोणी मेला तर त्याने स्वतःचे नीट संरक्षण केले नाही, एवढाच त्याचा अर्थ उरला.

ठकूबाईने अर्ज भरला. हवालदाराने तो वाचला आणि तिच्याकडे पाहिले.

"काटे जमा करा."

"काय?"

"एका प्राण्याला एक शस्त्र. काटे हे शस्त्र आहे. ते जमा केल्याशिवाय पिस्तूल मिळत नाही."

"अहो, अंगावरचे आहेत ते माझ्या!"

"मी कुठं खिशातले म्हणालो?"

"आणि तुमचे सुळे?"

"सुळे सरकारी आहेत."

ठकूबाई घरी गेली. रात्रभर विचार करायला तिच्याजवळ फारसे काही नव्हते. काटे नवऱ्यालाही होते. काट्यांनी त्याचे काय केले? पिस्तूल लांबून चालते. बिबट्या समोरून आला तरी चालते. सकाळी ती चौकीवर गेली आणि पाठ वळवून उभी राहिली. दोन शिपायांनी एकेक काटा उपटला, जुडी बांधली, जुडीला चिठ्ठी लावली आणि तिला पावती दिली. ती बिळात परतली तेव्हा पिल्ले कोपऱ्यात सरकली. ही कोणती मोठी घूस आत आली, असे त्यांना वाटले. हुंगून हुंगून मग ती जवळ आली.

पुढे प्रश्न आला बोअरचा. बाळांनो, बोअर म्हणजे गोळीची जाडी, एवढे समजा. बावीसची गोळी बारीक, बत्तीसची मध्यम, पंचेचाळीसची जाड. एका जाडीच्या पिस्तुलात दुसऱ्या जाडीची गोळी चालत नाही. आणि अर्जात एकदा लिहिलेला बोअर पाच वर्षे बदलता येत नाही.

त्यामुळे जंगलात चर्चा पेटली. उंबराखाली रोज सभा. निवृत्त मेजर गवा पंचेचाळीसचे पुढारी.

"गोळी अशी पाहिजे," मेजर गरजले, "की हल्लेखोर जागच्या जागी बसला पाहिजे! बावीसनं काय होणार? बिबट्याला गुदगुल्या होतील!"

"तुमचं पंचेचाळीस उडवलं की उडवणाराच मागे पडतो," चितळमास्तर म्हणाले. ते बावीसवाले. "नेम महत्त्वाचा, मेजर. जाडी नव्हे."

"जाडीला हसू नका!"

सभा अशा चालत. वर्तमानपत्राने वाचकांचा कौल मागवला. खारींच्या एका घरातले ठरलेले लग्न मोडले, कारण मुलीकडचे पंचेचाळीसवाले निघाले. जंगल तीन तटांत विभागले गेले आणि प्रत्येक तट दुसऱ्याला बिबट्याचा हस्तक म्हणू लागला. खुद्द बिबट्या कातळावर पडून ऐकत असे.

एके दिवशी सभेत मागून आवाज आला. ठकूबाईचा.

"गोळ्या कुठल्या मिळतात?"

"काय म्हणालात?" मेजर थांबले.

"भांडारात. कुठल्या जाडीच्या गोळ्या मिळतात? जी मिळते तिचंच पिस्तूल घेते मी."

मग हशा पिकला.

"वहिनी," मेजर मायेने म्हणाले, "हा तांत्रिक विषय आहे."

"भावनेच्या भरात बोअर निवडू नका," चितळमास्तरांनीही सांगितले. त्या उन्हाळ्यात दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

ठकूबाई उठली आणि थेट दारूगोळ्याच्या भांडारावर गेली. खिडकीत भांडारपाल खवलेमांजर बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचे खवले जमा झाले नव्हते. ते गणवेशात मोडत.

"अण्णा, पंचेचाळीसची गोळी आहे?"

"नाही."

"बावीसची?"

"शिमग्याला आली होती. संपली."

"बत्तीसची?"

"येणार आहे."

ठकूबाईने खिडकीतून मान आत घातली. अण्णांच्या मागे चार लाकडी पेट्या होत्या. प्रत्येकीवर रंगाने ठळक लिहिले होते, बत्तीस.

"मग त्या कसल्या पेट्या?"

"त्या आलेल्या आहेत."

"आत्ता तर म्हणालात, येणार आहे."

"वाटपाला येणार आहे. भांडारात आली म्हणजे वाटपाला आली असं नसतं, बाई. मान बाहेर काढा."

पण ठकूबाईने पेट्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तिने अर्जात लिहिले, बत्तीस. साऱ्या जंगलात भांडार पाहून बोअर निवडणारी ती एकटीच. बाळांनो, हा शहाणपणाचा निर्णय होता. म्हणून तर तिचे पुढचे हाल बघवत नाहीत.

सोमवारी पिस्तूल मिळाले. महाराजांच्या हस्ते, गुलाबाच्या फुलासकट. फोटो निघाला. ठकूबाई तशीच भांडारावर गेली.

"अण्णा, दहा गोळ्या द्या."

"पुंगळ्या आणल्यात?"

"कसल्या पुंगळ्या?"

"झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. म्हणजे कोण किती झाडतो यावर लक्ष राहतं. तुमच्या भल्यासाठीच आहे."

"पण मी अजून एकही झाडली नाही."

"मग गोळी हवी कशाला?"

"झाडायला!"

"झाडल्याशिवाय रिकामी होत नाही," अण्णा शांतपणे म्हणाले, "आणि रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही. नियम सरळ आहे."

"मग पहिली गोळी कुणाला मिळते?"

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. जेवणाची वेळ झाली होती.

राजवाड्यामागे एक मैदान होते. तिथे दर रविवारी दरबारी मंडळी मडकी फोडण्याचा सराव करत. भर दुपारी, उघड्या पाठीवर ऊन घेत, ठकूबाईने ते मैदान पालथे घातले. बत्तीसच्या सहा पुंगळ्या मिळाल्या. ती धावत भांडारावर आली.

अण्णांनी भिंग लावून एकेक पुंगळी तपासली.

"या तुमच्या नाहीत."

"कशावरून?"

"प्रत्येक पिस्तूल पुंगळीच्या बुडावर आपली खूण उमटवतं. ही दुसऱ्याची खूण आहे."

"दुसऱ्याची म्हणजे कुणाची? ज्याला गोळ्या मिळतात त्याचीच ना?"

"आवाज खाली," अण्णा म्हणाले. सहाही पुंगळ्या सरकारी मालमत्ता म्हणून त्यांनी ठेवून घेतल्या आणि सरकारी मालमत्ता बाळगल्याबद्दल ठकूबाईला तोंडी समज दिली.

ती चौकीवर गेली. "हे पिस्तूल घ्या आणि माझे काटे परत द्या."

"देता येतील," हवालदार म्हणाला. "पाच वर्षं झाली की या."

दोन दिवस ठकूबाई पिल्लांना घेऊन बिळातच बसली. तिसऱ्या दिवशी धाकट्याची जीभ बाहेर आली आणि आत जाईना. मग तिने पिस्तूल घेतले. पिल्लांना पोटाखाली घातले आणि पाणवठ्यावर गेली. वेळ तीच, सव्वासहा. पिल्लांनी तोंड पाण्याला लावले, तेवढ्यात समोरून बिबट्या आला. दहा पावलांवर थांबला.

ठकूबाईने पिस्तूल रोखले.

"नवीन घेतलंत?" बिबट्याने विचारले. "बोअर कुठला?"

"बत्तीस. मागं हो, नाहीतर घालीन."

"चांगली निवड. हाताला धक्का कमी बसतो. पण वहिनी, बत्तीसच्या गोळ्या मिळत नाहीत ना."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी साठा समितीवर आहे. अशासकीय सदस्य. दर गुरुवारी बैठक असते आमची."

"तू तर फरार आहेस!"

"बैठकीपुरतं हजर धरतात," बिबट्या म्हणाला आणि त्याने झेप घेतली.

ठकूबाईने पिस्तूल फेकले. अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून फेकले. किलोभर लोखंड बिबट्याच्या नाकावर बसले. सरकारी पिस्तुलाचा बिबट्यावर परिणाम झाल्याचा हा त्या जंगलातला पहिला प्रसंग. पिल्ले जाळीत पळाली. बिबट्याने आंधळा पंजा मारला. तो ठकूबाईच्या पाठीवर पडला, जिथे काटे असते तर त्याचा पंजा कामातून गेला असता. काटे चौकीत होते. पाठ फाटली. पण बिबट्याच्या डोळ्यांपुढे तारे चमकत होते. तो चिखलात कोसळला, धडपडत उठला आणि शिंका देत कातळाकडे गेला.

ठकूबाई जाळीत शिरली. पिल्ले मोजली. दोन होती.

साडेनऊला हवालदार आला. त्याने पंचनामा केला, पिस्तूल जप्त केले आणि ठकूबाईवर गुन्हा नोंदवला. परवान्याच्या अटींचा भंग. शस्त्र फेकणे.

"झाडायला दिलं होतं," तो म्हणाला, "फेकायला नव्हे."

"गोळीच नव्हती, हवालदारसाहेब!"

"तो वेगळा विषय आहे. त्यासाठी साठा समितीकडे अर्ज करा. गुरुवारी बसते."

"आणि माझे काटे?"

"ज्याचं एक शस्त्र जप्त झालं त्याला दुसरं कसं देणार? काहीतरीच विचारता, बाई."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मेजर गव्यांची मुलाखत आली. ठकूबाईकडे पंचेचाळीसचे पिस्तूल असते, तर ते वजनाने भारी असल्याने बिबट्याचे नाक मोडलेच असते, असे त्यांचे म्हणणे होते. चितळमास्तरांनी उत्तर दिले की बावीस हलके असते, ते जास्त जोरात फेकता आले असते. चर्चा पुन्हा पेटली. उंबराखाली जागा पुरेना.

तात्पर्य : बाळांनो, संकटकाळी शस्त्र निवडताना गोळीच्या जाडीचा खोलवर विचार करावा. गोळी मिळते का, याचा विचार करू नये. त्यासाठी समिती असते, आणि समितीत या विषयाची सर्वांत जास्त ओढ असलेले सदस्य घेतलेले असतात.

बिबट्या जिथे कोसळला तिथे चिखलात कातड्याची एक थैली सापडली. पंचनाम्यात तिची नोंद 'इतर वस्तू' अशी आहे. थैलीवर भांडाराची मोहर होती. आत बत्तीसच्या चाळीस गोळ्या होत्या. बिबट्याकडे पिस्तूल नाही, कधीच नव्हते. मग या गोळ्या त्याला कुणी दिल्या, हे अजून कुणी सांगितलेले नाही.